सायनस आणि साइन: एका लॅटिन घडीचा प्रवास

नाक चोंदलं, कपाळ ठणकायला लागलं आणि खाली वाकताना चेहरा जड वाटू लागला की आपण म्हणतो, "मला सायनस आहे." हृदयाचा ईसीजी काढला की त्या कागदाच्या डोक्यावर छापून येतं, 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम'. ते वाचून कित्येक जण दचकतात. सर्दीचा आजार छातीपर्यंत पोचला की काय, असं विचारणारेही भेटतात. त्याच घरातली दहावीची मुलगी 'साइन थीटा भागिले कॉस थीटा' घोकत असते. आणि दुर्बिणीतून चंद्र बघण्याचा नाद असलेल्या माणसाच्या नकाशावर 'सायनस इरिडम' नावाची एक जागा असते.

नाक, हृदय, त्रिकोण आणि चंद्र या चारही ठिकाणचा शब्द एकच आहे, लॅटिन भाषेतला 'सिनुस'. वैद्यकात आणि चंद्राच्या नकाशावर इंग्रजीने तो जसाच्या तसा ठेवला, फक्त उच्चार 'सायनस' केला. गणितात त्याचं शेपूट कापून 'साइन' केलं. (सही करण्याचा 'साइन' निराळा. तो 'सिग्नुम' म्हणजे खूण या शब्दातून आला. स्पेलिंगही वेगळं आहे.)

अर्थ इतके लांबलांबचे आहेत की हा निव्वळ योगायोग वाटावा. पण मूळ चित्र डोळ्यांपुढे आलं की नाकाचा, हृदयाचा आणि चंद्राचा अर्थ त्यातून कसा निघाला ते लगेच कळतं. गणिताचा अर्थ तेवढा त्या चित्रातून निघालेला नाही. तो रोममध्ये जन्मलाच नाही. तो संस्कृतातून निघाला, अरबीतून फिरला आणि लॅटिनमध्ये जाऊन या शब्दाच्या घरात राहिला. शाळेत साइनचं कोष्टक पाठ करून घेताना हे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आधी मूळ चित्र. रोमन नागरिकाचा टोगा म्हणजे लोकरीचं भलंमोठं, एका बाजूने गोलाई असलेलं कापड. त्याचं एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे सोडायचं, उरलेलं कापड पाठीमागून उजव्या काखेखालून पुढे आणायचं आणि परत डाव्या खांद्यावर टाकायचं. असं नेसल्यावर छातीपुढे कापडाचा एक सैल झोळ पडतो. त्या झोळाला रोमन लोक 'सिनुस' म्हणत. पैशाची पिशवी, चिठ्ठी, लहानसहान वस्तू त्यात खोचून ठेवत. आपल्याकडे लुगड्याच्या ओच्यात फुलं, शेंगा, सुट्टे पैसे घेतात, तसाच हा ओचा, फक्त पोटाऐवजी छातीशी.

ओचा छातीशी असल्यामुळे शब्दाचा अर्थ छाती, ऊर, कूस, कुशीतला आसरा असाही झाला. स्पॅनिश आणि इटालियन भाषांत 'सेनो' म्हणजे स्तन किंवा ऊर, आणि गणितातला साइनही 'सेनो'च. दुसरीकडे झोळाच्या आकारावरून आत वळलेल्या, पोकळ अशा कुठल्याही गोष्टीला 'सिनुस' म्हणू लागले. वाऱ्याने फुगलेल्या शिडाचं पोट हा एक सिनुस. किनारा आत वळून समुद्राला जिथे कवेत घेतो तो उपसागर हाही सिनुस. लॅटिन नकाशांवर इराणचं आखात 'सिनुस पेर्सिकुस' आहे आणि आपला बंगालचा उपसागर 'सिनुस गँगेटिकुस', म्हणजे गंगेचा उपसागर. वळणावळणाने जाणाऱ्या रस्त्याला किंवा नदीला इंग्रजीत 'सिन्युअस' म्हणतात तेही याच घराण्यातलं. आडवळणाने एखाद्याबद्दल संशय पेरणं म्हणजे 'इन्सिन्युएट'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वळणं घेत हळूच आत शिरणं असा होता.

आता नाक. चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात आणि त्या लहानशा वाटांनी नाकात उघडतात. शरीररचना लिहिणाऱ्यांनी या पोकळ्यांना सायनस म्हटलं. त्यांच्या चार जोड्या आहेत: गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्याच्याही मागे कवटीच्या तळाशी. गालातली जोडी सर्वांत मोठी. इंग्रज वैद्य नथॅनियल हायमोर याने १६५१ मध्ये तिचं तपशीलवार वर्णन केलं. कपाळातली जोडी जन्मताना जवळजवळ नसतेच, ती बालपणात हळूहळू वाढते.

त्रास का होतो, याचं उत्तर गालातल्या सायनसच्या रचनेत आहे. त्याचं तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. आत तयार होणारा पातळ चिकट स्राव आपोआप गळून जाऊ शकत नाही. आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलत राहून तो स्राव वर ढकलत तोंडापर्यंत नेतात. सर्दीने अस्तर सुजलं की ती चिंचोळी वाट बुजते, स्राव आत साचतो, दाब वाढतो. म्हणून वाकलं की गाल आणि कपाळ जड होतं आणि कधी कधी वरचे दातही दुखतात, कारण त्यांची मुळं याच पोकळीच्या तळाशी असतात. या सुजेचं नाव सायनुसायटिस. "मला सायनस आहे" हे वाक्य म्हणूनच थोडं सुधारून घ्यायला हवं. सायनस सगळ्यांनाच असतात, आजार आहे तो सुजेचा.

ईसीजीवरचा सायनस नाकाच्या सायनसपासून पूर्ण अलग आहे. गर्भात हृदय तयार होतं तेव्हा ते आधी एका नळीसारखं असतं. शरीरभरच्या शिरांमधलं रक्त त्या नळीच्या मागच्या टोकाला एका झोळात येऊन जमतं. त्या झोळाला 'सायनस व्हेनोसस' म्हणतात, म्हणजे शिरांचा सायनस. पुढे हृदयाचे कप्पे घडत जातात तसा हा झोळ उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सामावून जातो. पण त्या जुन्या सांध्यावर, जिथे वरून येणारी मोठी शीर या कप्प्याला मिळते तिथे, पेशींचा एक लहानसा पुंजका राहतो. हृदयाचा प्रत्येक ठोका तिथून सुरू होतो. लंडनमध्ये आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी या पुंजक्याचं वर्णन १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. फ्लॅकला तो पहिल्यांदा दिसला तो मोल नावाच्या, जमिनीत बिळं करणाऱ्या लहान प्राण्याच्या हृदयात.

तेव्हा 'सायनस ऱ्हिदम' म्हणजे ठोक्यांची लय योग्य जागेवरून निघते आहे. मोठ्या माणसात आराम करत असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके असले की पुढे 'नॉर्मल' लागतं. ही चांगली बातमी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती नीट समजावून सांगा. लयीचा एवढा उलगडा झाला तरी त्यांचा जीव भांड्यात पडतो. बाकीचा रिपोर्ट अर्थातच डॉक्टरांनी वाचायचा.

चंद्राचं थोडक्यात. इटलीतला ज्योतिर्विद रिचोली याने १६५१ मध्ये चंद्राचा नकाशा छापला. त्यात काळसर सपाट भागांना समुद्रांची नावं दिली आणि त्यांच्या काठच्या अर्धगोल भागांना सायनस, म्हणजे उपसागर, म्हटलं. तिथे पाणी नाही, पण नावं टिकली. सायनस इरिडम म्हणजे इंद्रधनुष्यांचा उपसागर. शुद्ध दशमी-एकादशीच्या सुमारास साध्या दुर्बिणीतूनही त्याच्या कडेचे डोंगर अंधारात उजळलेल्या कमानीसारखे दिसतात. बघण्यासारखं दृश्य आहे.

आता गणित. त्यासाठी खरोखरीचं धनुष्य डोळ्यांपुढे आणा. वाकलेली काठी म्हणजे 'चाप'. दोन टोकांना बांधलेली दोरी म्हणजे 'ज्या', तिलाच 'जीवा' असंही नाव आहे. दोरीच्या मध्यापासून काठीच्या मध्यापर्यंत आडवा ठेवलेला बाण म्हणजे 'शर'. आपल्या जुन्या गणितज्ञांनी वर्तुळाचा तुकडा पाहिला तो या धनुष्याच्या रूपात. वर्तुळाचा कंस हा चाप, त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेषा ही ज्या.

ग्रीक लोकही या दोरीची लांबी मोजत होते. टॉलेमीच्या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने पूर्ण दोरीच्या लांबीचं कोष्टक आहे. पण पूर्ण दोरी वापरायला अवघड जाते. आकाशातल्या ग्रहाची जागा काढायची तर काटकोन त्रिकोण लागतो. त्यात दर वेळी कोन दुप्पट करायचा, कोष्टकातली दोरी शोधायची आणि मग तिचं अर्ध करायचं, असा खटाटोप होतो. भारतीय ज्योतिषांनी कोष्टकच अर्ध्या दोरीचं केलं. तिला 'अर्धज्या' म्हटलं. वापरता वापरता 'अर्ध' गळून गेलं आणि अर्ध्या दोरीलाच 'ज्या' म्हणायची रीत पडली. आजचा साइन तो हाच, फक्त वर्तुळाची त्रिज्या १ धरलेला.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, हे सगळं कोष्टक एका श्लोकात बसवलं. त्याची सुरुवात अशी आहे: मखि भखि फखि धखि णखि ञखि ङखि. हा मंत्र नाही, हे आकडे आहेत. त्याच्या पद्धतीत क म्हणजे १, ख म्हणजे २, असं मोजत म म्हणजे २५. अक्षराला 'इ' लागला की त्याची किंमत शंभरपट. म्हणून खि म्हणजे २०० आणि मखि म्हणजे २५ अधिक २००, म्हणजे २२५. भखि २२४, फखि २२२, धखि २१९. पुढे २१५, २१०, २०५. श्लोक संपतो तो 'फ' आणि 'छ' वर, म्हणजे २२ आणि ७.

असे एकंदर २४ आकडे आहेत. काटकोनाचे २४ सारखे भाग केले की एक भाग ३ अंश ४५ कलांचा होतो. एकेक भाग पुढे सरकताना अर्धी दोरी कितीने वाढते, ते हे आकडे सांगतात. मोजमाप कलांमध्ये, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात, त्यावरून त्रिज्या ३४३८ कला येते. आता कागद-पेन्सिल घ्या. पहिले आठ आकडे आहेत २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ आणि १९९. त्यांची बेरीज १७१९. आठ भाग म्हणजे बरोबर ३० अंश. आणि १७१९ हे ३४३८ चं नेमकं अर्ध. साइन ३० म्हणजे एक छेद दोन, हे दहावीत पाठ केलेलं उत्तर आर्यभटाच्या श्लोकातून असं हातात येतं. पहिल्या १६ आकड्यांची बेरीज २९७८ होते. तिला ३४३८ ने भागलं की ०.८६६२ मिळतात. आपल्या कॅल्क्युलेटरवर साइन ६० ची किंमत ०.८६६० येते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका श्लोकाला मी यापेक्षा मोठी दाद देऊ शकत नाही.

आठव्या शतकात, खलिफा अल-मन्सूरच्या काळात, भारतीय ज्योतिषाचा एक सिद्धान्तग्रंथ बगदादला पोचला आणि त्याचं अरबीत रूपांतर झालं. अरबी परंपरेत तो 'सिंधहिंद' म्हणून ओळखला जातो. 'जीवा' या शब्दाला अरबीत प्रतिशब्द न शोधता तो उच्चारावरूनच घेतला. अरबीत 'व' चा आपल्यासारखा उच्चार नाही, म्हणून 'जीबा' झालं. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. कागदावर उमटली ती ज, य, ब ही अक्षरं. ती 'जीबा' अशी वाचली तर अरबी माणसाला काहीच अर्थ लागत नाही. तीच 'जैब' अशी वाचली तर रोजच्या वापरातला शब्द हाती येतो. जैब म्हणजे कपड्याचा छातीवरचा उघडा भाग, तिथली घडी, तिथला खिसा. हिंदीतला 'जेब' तो हाच, फारसीतून आलेला. (औरंगजेबातला जेब मात्र 'झेब', म्हणजे शोभा.) पुढच्या अरबी गणितज्ञांनी जैब हीच संज्ञा पक्की केली. नवव्या-दहाव्या शतकात अल-बत्तानी तीच वापरतो.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोसारख्या शहरांत अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याचं काम जोरात सुरू होतं. भाषांतरकारापुढे जैब आला, म्हणजे कपड्याचा छातीवरचा झोळ. लॅटिनमध्ये त्याला तयार शब्द होता, सिनुस. त्याने तो लिहिला. या संदर्भात रॉबर्ट ऑफ चेस्टर आणि जेरार्ड ऑफ क्रेमोना ही दोन नावं घेतली जातात.

हा किस्सा 'भाषांतरकाराची घोडचूक' म्हणून फार सांगितला जातो. मला ते पटत नाही. लॅटिन भाषांतरकारापुढे जो शब्द होता त्याचा त्याने बिनचूक अर्थ दिला. अरबी गणितज्ञांनी तर परक्या उच्चाराला आपल्या भाषेत रुळवून घेतलं, जसे सगळेच भाषिक घेतात. गणित कुठेही बिघडलं नाही. उलट अरबांनी ते खूप पुढे नेलं. आणि चूकच शोधायची तर शेजारचा शब्द बघा. 'शर' म्हणजे बाण, त्याचं अरबीत 'सहम' झालं, म्हणजे बाणच. लॅटिनमध्ये 'सगिता' झालं, तोही बाणच. एकाच धनुष्यातली दोरी उच्चारावरून गेली आणि बाण अर्थावरून गेला. दोरीची घडी झाली, बाण बाणच राहिला.

आणखी एक गैरसमज याच ओघात दूर करायला हवा. साइनचा आलेख लाटेसारखा वर-खाली जातो, त्याला घड्या दिसतात, म्हणून त्याचं नाव सिनुस, असं पुष्कळांना वाटतं. तो आलेख काढायला सुरुवात झाली १७व्या शतकात. नाव त्याच्या पाचशे वर्षं आधीचं आहे.

जेरार्डचा जन्म १११४ च्या सुमाराचा. आपल्या भास्कराचार्यांचाही १११४ चा. जेरार्ड टोलेडोत बसून टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणत होता, ते काम ११७५ मध्ये पुरं झालं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात 'ज्योत्पत्ती' म्हणून एक प्रकरण आहे, ज्या कशा काढायच्या याचं. दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियम त्यात आहे, म्हणजे आज अकरावीत साइन ए अधिक बी म्हणून शिकवतात तो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. तिथल्या देवळातला तसा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात उजेडात आणला. त्याचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटच्या ओळी मराठीत. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तो जरूर बघावा. एकीकडे मूळ संस्कृत शब्द खानदेशात शिकवला जात होता आणि त्याच काळात त्याचाच वेष बदललेला भाऊ टोलेडोत लॅटिन बनत होता.

शेवटी कोसाइनबद्दल, कारण त्यावरून हमखास वाद होतो. संस्कृतात त्याला 'कोटिज्या' म्हणतात. कोटिज्या आणि कोसाइन हे इतके जुळतात की दुसरा पहिल्याचा अपभ्रंश आहे, असं ठामपणे सांगणारे बरेच आहेत. साइनची हकिकत खरी असल्यामुळे हीही खरी वाटते. पण तसं नाही. युरोपात त्याला 'काटकोन पुरा करायला उरलेल्या कोनाचा सिनुस' अशा अर्थाचं लांबलचक नाव होतं. पुरं करणारा तो उरलेला भाग म्हणजे 'कोम्प्लेमेंतुम', त्याचं पहिलं अक्षर घेऊन इंग्रज गणितज्ञ एडमंड गुंटर याने १६२० मध्ये 'कोसिनुस' हे आटोपशीर रूप केलं. आपल्या कोटिज्येतली 'कोटी' म्हणजे धनुष्याचं टोक. दोघांतला 'को' सारखा ऐकू येतो, एवढंच.